आई वेदीपाशी जात नसे

आमच्या चर्चमधली पायपेटी पहिल्या बाकांच्या पुढे, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे. पाद्री साहेब कधी उठले, कधी गुडघे टेकले, हे कळावं म्हणून पेटीच्या वर एक छोटा आरसा खिळ्याला टांगलेला असे. त्या आरशात मला वेदीपुढचा लाकडी कठडा दिसे आणि मान थोडी वाकडी केली की बायकांची बाकंही दिसत.

चर्च रेल्वेच्या लोकांनी बांधलेलं. विटांचं, कौलारू, गोंदियाच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी इंग्रजी उपासना व्हायची, तिला साहेब लोक, ड्रायव्हर, गार्ड आणि त्यांच्या मडमा. ऊन उतरलं की आमची मराठी उपासना. आमची मंडळी लहान. माझे बाबा रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर होते, ते मूळचे नगरकडचे. बाकी कुणी नर्स, कुणी मास्तर, कुणी साहेबाच्या घरी स्वयंपाकी. पायपेटी मला एका इंजिन ड्रायव्हरच्या बायकोनं शिकवली. ती हिंदीत ओरडायची, "पाँव मत रोको, पाँव!" भात्यावरचे पाय थांबले की सूर रडायला लागतो, हे मी तिच्याकडून शिकले.

वर्षभराचे सण आम्हाला वेदीवरच्या कापडावरून कळत. नाताळाआधीचा आगमनकाळ आला की जांभळं, नाताळला पांढरं, मग हिरवं, आणि राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला की पुन्हा जांभळं. नाताळात झेंडूच्या माळा आणि टोपलीभर संत्री, धानाची कापणी झाली की वेदीपाशी लोंब्यांच्या पेंढ्या. उपवासकाळात मात्र एक फूलसुद्धा नाही. गीतंही बदलत. नाताळची गीतं आमचे लोक टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणत, पण उपवासकाळातली गीतं इतकी सावकाश असत, की मला भाता मारताना झोप येई.

आईचा आवाज या सगळ्यात पुढे असायचा. ती शिकलेली म्हणाल तर थोडीच, पण सगळी गीतं तिला तोंडपाठ. बाबा पुस्तकात बोट ठेवून म्हणत, ती डोळे मिटून म्हणे. स्तोत्र सुरू झालं की बायका तिच्याकडे पाहून तोंड उघडत.

आणि तरीही प्रभुभोजनाच्या वेळी ती उठत नसे.

महिन्यातून एकदा पाद्री साहेब नागपूरहून येत, तेव्हा प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, व्हायचा. बाकांवरची माणसं एकेक करून कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकायची. मी हळू आवाजात काहीतरी वाजवत राही आणि आरशात पाही. सगळं बाक रिकामं होई, आई एकटी बसलेली असे, पदर डोक्यावर, हात मांडीत. लोक परत येत, तिच्या गुडघ्यांवरून पाय टाकून आपल्या जागी बसत, आणि ती तशीच. पुढच्या गीताला तिचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर.

लहान असताना मला ते विचित्र वाटलं नाही. काही माणसं जातात, काही जात नाहीत, असं मी धरून चालले होते. पण माझं दृढीकरण झालं, म्हणजे प्रभुभोजन घ्यायची मोकळीक मिळाली, मी स्वतः कठड्यापाशी जाऊ लागले, तेव्हा मला कळलं की सगळ्या मंडळीत ती एकटीच मागे राहते. मग बायकांची कुजबुजही कानावर येऊ लागली. एकदा एक नर्सबाई दुसरीला म्हणाली, "काहीतरी पाप असल्याशिवाय का माणूस असं बसतं?" मी पुस्तकं गोळा करत होते. ते वाक्य मी घरी नेलं नाही, पण ते माझ्याबरोबर आलंच.

मी बाबांना विचारलं. ते औषधाच्या बाटल्या धूत होते. म्हणाले, "तिलाच विचार. मी सांगितलं तर ते माझं होईल."

मला विचारायला धीर व्हायला बरेच दिवस गेले. मी तेव्हा अठराची होते. उपवासकाळ अर्ध्याच्या पुढे गेला होता. वेदीवरच्या पितळी मेणबत्तीदाण्या सणाआधी घासायच्या म्हणून आईनं घरी आणल्या होत्या, आणि आम्ही दोघी अंगणात चिंच घेऊन बसलो होतो. मी तिच्याकडे न पाहता विचारलं, "आई, तू प्रभुभोजनाला का जात नाहीस?"

ती घासत राहिली. मग तिनं सांगायला सुरुवात केली.

आईचं माहेर बिरसी गावाच्या पलीकडे, धानाची शेती असलेलं हिंदू घर. आई-वडील लवकर गेले, मोठ्या भावानंच तिला वाढवलं आणि लग्न करून दिलं. वर्षाच्या आत नवरा तापानं गेला. सासरी तिचे फार हाल झाले. तिनं भावाला निरोप पाठवला, मला घेऊन जा. पावसाळ्याचे दिवस होते. ती रोज वाटेकडे डोळे लावून बसायची. भाऊ आला नाही. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारच्या एका म्हातारीनं तिला गाडीत घालून मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात पोहोचवलं. तिथं ती बरी झाली, वाचायला शिकली, तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला आणि बाबांशी लग्न झालं.

"लगन झाल्यावर मी जात होती ना कठड्यापाशी," ती म्हणाली. बोलता बोलता तिची भाषा माहेरची होऊन गेली होती. "तू लहान होतीस. एका बजाराच्या दिवशी दादा दिसला. इतक्या वर्षांनी. मी हाक मारनार, तं त्यानं मले पाहिलं अन् तोंड फिरवून निघून गेला. म्हनलं, मी किरिस्ताव झाली त्याचा राग असन. त्याच रविवारी पाद्री साहेबांनी तो धडा वाचला, का वेदीपाशी आल्यावर आठवलं का भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तं आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मी उठलेली तशीच खाली बसली."

"पण त्यात तुझा काय दोष?"

"पाद्री साहेबबी असंच म्हनले. त्यांचं खरं असन. मले नाई होत."

"मग तू जाऊन भेटली का नाहीस?"

आईनं मेणबत्तीदाणी पाण्यात बुडवली. "त्यानं तिथं तोंड फिरवलं, तं मी काय करीन? एकदा फिरवलं ते सहन झालं. घरी जाऊन दारातून परत फिरवलं असतं तं?"

मला तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या मामाचा फार राग आला. नर्सबाईचं वाक्यही आठवलं. पापबिप काही नव्हतं. माझी आई एका धड्याचा शब्द न् शब्द खरा मानून इतकी वर्षं बाकावर बसून राहिली होती.

झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे शिंदीच्या झावळ्या लागत. मंडळी त्या हातात घेऊन चर्चभोवती गात फिरे. त्या आणायला दर वर्षी कुणीतरी खेड्याकडे जाई. त्या वर्षी मी बाबांना म्हणाले, "झावळ्या मी आणते. बिरसीकडून."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना कळलं होतं. "मी येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर ते जावयाशी बोलतील. मला त्यांच्याशी बोलायचंय."

त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून मला त्याच्या बैलगाडीत बसवून दिलं. आईला आम्ही फक्त झावळ्यांचं सांगितलं. वाटेत धान कापून गेलेल्या कोरड्या बांध्या, मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायका. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. मामानं शिव्या घातल्या तर काय म्हणायचं, दार लावलं तर काय, सगळी उत्तरं तयार केली होती.

मामाचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात एक सडपातळ, पिकल्या मिशांचा माणूस बसून दोरी वळत होता. गाडीवाल्यानं लांबूनच बोट दाखवलं आणि बैल सोडायला निघून गेला. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले.

"कोन व्हय?" त्यानं विचारलं. "कोनाकडे आली?"

मी आईचं माहेरचं नाव सांगितलं. म्हटलं, "मी तिची मुलगी."

त्याच्या हातातली दोरी सुटली आणि वळलेले पीळ भराभर उलगडले. तो उठला. माझ्याकडे आला. मी दोन पावलं मागे सरले, कारण मला वाटलं आता हाकलतो. आणि तो माणूस खाली वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

आमच्या भागात मामा भाचीच्या पाया पडतो, हे मला ऐकून माहीत होतं. पण आमच्या घरी मामा नव्हता, तेव्हा माझ्या पाया कुणी कधी पडलं नव्हतं. आणि मी तर किरिस्ताव. जुळवून आणलेलं एकही उत्तर मला आठवेना. मी रडायला लागले.

आतून मामी धावत आली. "काय झालं? कोन आहे हे पोरगी?"

"भासी आहे," मामा म्हणाला. "पानी आन."

मामीनं पाणी आणलं. मी ओंजळ पुढे केली, तिनं वरून धार धरली. तांब्या माझ्या हातात दिला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, मी तेवढं धरूनच आले होते. मामा माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि माझं तोंड न्याहाळू लागला. मग म्हणाला, "जिती आहे ना?"

"आहे. बरी आहे. तुम्ही बाजारात तिला पाहून तोंड फिरवलंत, तेव्हापासून..." मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. कठडा काय, प्रभुभोजन काय, ती का उठत नाही. त्याला त्यातलं किती समजलं असेल कोण जाणे. पण शेवटी मी म्हटलं, "तुमच्या मनात तिच्याविषयी राग आहे म्हणून ती देवाच्या पंगतीला बसत नाही," हे त्याला नीट समजलं.

"राग?" तो म्हणाला. "मह्या मनात? कायचा राग?" त्यानं मामीकडे पाहिलं. "तुले सांगतो भासी, तिचा निरोप आला तवा रोवना चालू होता. मी म्हनलं, एवढा रोवना आटपला का जातो अन् घेऊन येतो. मानसं लावलेली, पानी बांधीत उभं. रोवना आटपून गेलो तं ती तिथं नव्हती. सासरचे म्हनत, मेली असन. मग आयकलं का जिती आहे, पन मिसनमधी गेली. मी कोन्या तोंडानं जाऊ? बहिनीनं बोलावलं अन् मी धान रोवत बसलो. बजारात दिसली तवा वाटलं, आता ही चार लोकांत इचारन, दादा, काऊन नाई आला? मह्यापाशी उत्तर नव्हतं. म्हनून वळलो."

मामी हळूच म्हणाली, "अजूनबी रोवन्याच्या दिवसांत हे मानूस धड जेवत नाई."

मला हसावं की रडावं कळेना. एकाच तालुक्यात दोन माणसं इतकी वर्षं एकमेकांच्या रागाला भीत बसली होती आणि राग दोघांपैकी कुणालाच नव्हता. छातीवरचं ओझं कुणीतरी काढून बाजूला ठेवावं तसं मला झालं. मामीनं पानांच्या द्रोणात भिजवलेले पोहे आणि गूळ दिला. मी इतकी भुकेली होते, हे मला पहिला घास घेतल्यावर कळलं. झावळ्या मामानंच तोडून गाडीत घातल्या, हव्या होत्या त्याच्या दुप्पट.

घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई झावळ्यांचा ढीग पाहून म्हणाली, "एवढ्या कायले आनल्या?"

"मामांनी दिल्या," मी म्हटलं.

ती आधी भडकली. "कोनं सांगितलं होतं तुले जायले? मले इचारलं होतं?" बाबा उठून बाहेर गेले. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी आदळली, परत आली. मी भिंतीला टेकून उभीच होते. तिनं विचारलं, "दुबळा झाला का?"

"थोडे. मिशा पिकल्यात."

"मिशा ठेवल्या त्यानं?" ती खाली बसली. मग मी तिला रोवण्याचं, त्या धानाच्या लावणीचं, सगळं सांगितलं. ती तोंडात पदर धरून हुंदके देत राहिली, आणि मी तिच्याशेजारी बसून राहिले. बाबा आत आले, त्यांनी कंदील लावला आणि चुलीवर तांदूळ चढवले. त्या दिवशी भात करपला, तरी सगळ्यांनी तोच खाल्ला.

झावळ्यांचा रविवार झाला, दुःखसप्ताह सुरू झाला. येशूच्या मरणाच्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, वेदीवरचं सगळं काढून ठेवतात. नुसता लाकडी फळा उरतो. त्या दिवशी पायपेटीही वाजवत नसत, गीतं पेटीशिवाय म्हणायची. आईनं सूर धरला आणि मंडळी तिच्यामागून गेली.

शनिवारी सकाळी आम्ही बायका चर्च सजवत होतो. आई वेदीवर पांढरं कापड अंथरून त्याच्या घड्या हातानं सारख्या करत होती. दाराशी कुणीतरी खाकरलं. मी वळून पाहिलं. मामा आणि मामी बाहेर पायरीखाली उभे होते. मामाच्या हातात मातीचं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं.

आईनंही पाहिलं. ती वेदीपासून दारापर्यंत चालत गेली. धावली नाही. पायरीवर थांबली. मग मामा म्हणाला, "तवा रोवना चालू होता वो बाई."

"पोरीनं सांगितलं," आई म्हणाली. "बस, दादा. उन्हाचा आलास."

तो आत आला नाही. चर्चसमोरच्या कडुनिंबाखाली मामा-मामी बसले, आई त्यांच्यासमोर बसली, आणि किती तरी वेळ तिघं बोलत राहिली. आत नर्सबाईनं मला विचारलं, "कोण गं ते?" मी म्हटलं, "माझे मामा." हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरत होते.

मडक्यात मरळ मासे होते, जिवंत. उन्हाळ्यात तलाव आटायला लागले की आमच्याकडे मासे धरतात. लहानपणी आईला मरळ फार आवडायची, म्हणून मामानं आदल्या दिवशी स्वतः चिखलात उतरून त्या धरल्या होत्या. आईनं फडकं काढून पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"काऊन हासते?" मामा म्हणाला.

"अरे दादा, आमचे उपास आहेत. उद्यापर्यंत मासोळी चालत नाई."

"मंग? मारू नोको. पान्यात ठेव. उद्या खाजो."

त्या रात्री मरळ आमच्या मोरीत घंगाळात पोहत होत्या.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. त्या दिवशी आमची उपासना पहाटेच असे. पाद्री साहेब आलेले, वेदीवर मामीनं आदल्या दिवशी आपल्या अंगणातून आणलेली पांढऱ्या चाफ्याची फुलं, सणाची गीतं जोरात आणि जलद. मामा नव्हता, तो आदल्या दिवशीच गावी परतला होता. प्रभुभोजनाची वेळ आली. मी पेटीवर हळू वाजवू लागले आणि आरशात पाहू लागले. पुढची बाकं उठली. मग आईचं बाक उठलं. आईही उठली. पदर सारखा करत, रांगेत, एखादी साधी गोष्ट करावी तशी ती कठड्यापाशी गेली आणि बाबांच्या शेजारी गुडघे टेकून तिनं दोन्ही हात पुढे केले. पाद्री साहेब भाकर घेऊन तिच्यापाशी आले तेव्हा क्षणभर थांबले. मग त्यांनी भाकर तिच्या हातावर ठेवली.

माझे पाय भात्यावर थांबले होते. सूर खाली खाली जात रडका झाला आणि बंद पडला. ड्रायव्हरची बायको तिथं असती तर तिनं मला चिमटा काढला असता. पण कुणी वळूनही पाहिलं नाही. मी पुन्हा पाय मारायला लागले.

दुपारी मरळीचा रस्सा झाला. आई पोटभर जेवली आणि तिथंच चटईवर झोपली. ती दिवसा झोपलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मामाच्या जातीत बोलणं झालं. चार घरं काही दिवस त्याच्याकडे जेवायला येईनात. तो म्हणे, "बहीन आहे. तुमी आपलं पाहा." पुढे कामाच्या दिवसांत एकमेकांची गरज लागली आणि ते बोलणं आपोआप थंडावलं. आई वर्षातून एकदोनदा माहेरी जाई, अंगणात बसून येई. चुलीपाशी जात नसे, आणि तिला त्याचं फार काही वाटत नसे.

मामा बाजाराच्या दिवशी आमच्या दारात गाडी सोडायचा. बाबांशी त्याचं पटलं. तापावर क्विनीन चांगलं की काढा, यावर दोघं वाद घालत. सुरुवातीला तो आमच्याकडे काही घेत नसे, स्वतःच्या तांब्यातलं पाणी पिई. पुष्कळ महिने असं चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी आई सगळ्यांना चहा गाळत होती, आणि बोलण्याच्या नादात तिनं एक कपबशी त्याच्यासमोरही ठेवली. बाबांनी आपली बशी खाली ठेवली. मामानं कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर घालून प्याला.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

आईनं साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला.